शर्यत मायक्रोसेकंदाची

आपल्यापैकी बऱ्याच घरांत हल्ली मुलांच्या नावाने दरमहा थोडे युरो फंडात टाकले जातात. त्यावर गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो : "तिकडे संगणक सेकंदाच्या लाखाव्या भागात सौदे करतात म्हणे, मग आपल्यासारख्यांची लूटच ना?" आम्ही रसायनशास्त्राचे, शेअरबाजाराचे नव्हे. तरी जे वाचले व समजले ते मांडतो.

बातमी आधी मिळवण्याची धडपड जुनीच आहे. मूळचे कासेलचे पॉल ज्युलियस रॉयटर यांनी १८५० साली आखेन ते ब्रुसेल्स या टप्प्यात, जिथे तारायंत्र नव्हते, शेअरचे भाव कबुतरांकरवी पाठवले. कबुतरे आगगाडीला मागे टाकीत. आज ते काम प्रकाश करतो. काचेच्या तंतूतून एक किलोमीटर जायला त्याला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणून कंपन्या आपले संगणक फ्रँकफुर्टला बाजाराच्या संगणकाशेजारीच भाड्याने ठेवतात. तिथे सर्वांना सारख्याच लांबीची केबल मिळते. म्हणजे समानता आहे, पण भाडे परवडणाऱ्यांपुरती.

यात फायदा काहीच नाही असे नव्हे. ही यंत्रे सतत खरेदी-विक्रीचे भाव देतात, त्यामुळे दोहोंतला फरक कमी राहतो. आमच्या भाषेत हा उत्प्रेरक. पण खरा उत्प्रेरक स्वतःसाठी काही ठेवून घेत नाही. हा दर खेपेस चिमूटभर उचलतो. शिवाय गरजेच्या वेळी तो अंग काढून घेऊ शकतो. ६ मे २०१० रोजी न्यूयॉर्कचा बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला, तेव्हा अशा अनेक यंत्रांनी भाव देणेच थांबवले होते. जर्मनीने २०१३ साली खास कायदा करून अशा व्यापाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि वारेमाप आदेश देऊन रद्द करणाऱ्यांवर शुल्क बसवले.

अन्याय नेमका कुठे शिरतो हे मात्र मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराच्या प्रकरणातून कळते. तिथे पूर्वी भाव एकाच वेळी सर्वांना न जाता, जोडणीच्या क्रमाने एकामागून एक जात. सकाळी जो आधी जोडला गेला, त्याला आधी भाव! रेशनच्या रांगेसारखेच. सेबीने २०१९ मध्ये सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये अपिलात तो रद्द झाला, तरी पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल बाजाराला १०० कोटी भरण्यास सांगण्यात आले.

आम्हाला वाटते, वेगाला हरकत नसावी. रांग कशी लागते हे सर्वांना ठाऊक असावे आणि त्यावर कोणाची तरी नजर असावी.

राहता राहिला आपला प्रश्न. महिन्यातून एकदा घेऊन पंधरा वर्षे ठेवणाऱ्याचे या शर्यतीत फार तर काही सेंट जातात. फंडाचे वार्षिक शुल्क एक टक्का असेल, तर दहा हजारांवर दरवर्षी शंभर युरो जातात! तेव्हा आधी ते पाहावे. एकरकमी खरेदी शक्यतो क्सेट्रा बाजार चालू असताना, सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० मध्ये, कमाल भाव ठरवून करावी. मायक्रोसेकंदांची शर्यत ज्यांची त्यांना लखलाभ. आपली गुंतवणूक वर्षांच्या हिशेबाची आहे.