शॉकअप

1982 साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी आलापल्लीहून अम्मीची कंबर दाखवायला आमची वाट आष्टीमार्गे चंद्रपूरचीच. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक याच रस्त्याने धावू लागले आणि डांबर उखडलं. पाच माणसं बसली की खड्ड्यात गाडी खाली घासायची.

मिस्त्री म्हणाला, "भाईजान, नुसत्या कडक स्प्रिंगा टाकू नका. स्प्रिंग वजन पेलते, तिची उसळी शॉकअप आवरतो. दोन्ही सोबत बदला." बदलले. जास्त उंच स्प्रिंगा मात्र नको म्हटलं. वळणावर गाडी कलते.

आता अम्मी वाटेत कण्हत नाही. पण एसटीच्या मागच्या सीटवर बसून दवाखान्यात जाणाऱ्या बाईने कुठले शॉकअप बदलायचे? तिला रस्ताच हवा.