तारण पाण्याखाली

ज्याला पोहता येत नाही त्याने समुद्रप्रवासाची पुस्तके वाचू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे स्पष्ट मत आहे. मला पोहता येत नाही. पाण्याशी माझा संबंध बादली आणि तांब्या यांच्यापुढे कधी गेला नाही. त्यात मी बी. कॉम. आणि बँकेत कारकून. म्हणजे कोरडेपणा दोन्हीकडून आलेला. शिवाय भंडारा जिल्हा असा ठिकाणी वसला आहे की पूर्वेचा समुद्र लांब आणि पश्चिमेचा त्याहून लांब. पण आमच्या शाखेत आठवड्यातून एकदोनदा तरी लिंक जाते. मग खिडकीबाहेरच्या गर्दीला ‘लिंक नाही’ एवढे दोन शब्द सुनवायचे आणि हळूच ड्रॉवर उघडायचा. माझ्या ड्रॉवरात जोशुआ स्लोकम असतो.

हा अमेरिकन कप्तान १८९५ साली ‘स्प्रे’ नावाच्या शिडाच्या नौकेतून एकटाच निघाला आणि १८९८ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. अशा माणसाला भीती वाटली तर वादळाची वाटेल, असा माझा समज होता. पण वादळाचे याला विशेष काही वाटत नाही. हा घाबरतो नांगर टाकल्यावर! नौका शांत उभी आहे, पाणी शांत आहे, आपण झोपलो आहोत आणि कोणीतरी हळूच चढून वर येईल, ही त्याची काळजी. १८९६ साली मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याने काय करावे? सतरंजीला ठोकायच्या चुका डेकवर पसरल्या, टोके वर करून, आणि खाली जाऊन झोपला. रात्री पाहुणे अनवाणी आले आणि पुढची आरडाओरड ऐकून हा उठला. एवढी स्वस्त धोक्याची घंटा आमच्या बँकेलाही अजून सापडलेली नाही. दुसऱ्या एका प्रसंगी त्याने एका लाकडाला कपडे घालून खलाशी म्हणून उभे केले, दोरी बांधून त्याला हलवले, आणि स्वतः कपडे बदलून दुसऱ्या दाराने बाहेर आला. एका माणसाची तीन माणसे केली. आमच्या शाखेत याच्या उलट पद्धत आहे. हजेरीपटावर सात असतात, खुर्चीवर दोन.

(त्या अनवाणी पाहुण्यांची बाजू मात्र पुस्तकात नाही. त्यांच्या खाडीत न विचारता नांगर टाकणारा हाच, असे त्यांचेही म्हणणे असू शकेल. पण त्यांनी पुस्तक लिहिले नाही.)

पुढे समजले की हौशी दर्यावर्दींची ही काळजी अजून संपलेली नाही. नांगरलेल्या नौकेवरून काठावर जायला जी छोटी होडी असते, तिच्यावर आणि तिच्या इंजिनावर चोराचा डोळा. म्हणून शहाणे लोक रात्री ती होडी पाण्यातून वर उचलतात आणि साखळीने नौकेला बांधून कुलूप लावतात. चालत्या नौकेचेही काही खरे नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सहून निघालेल्या पॉल आणि रेचेल चँडलर या ब्रिटिश दांपत्याला सोमाली चाच्यांनी पकडले. सुटका झाली ती नोव्हेंबर २०१० मध्ये. बिचाऱ्यांचे वर्षाहून जास्त दिवस गेले. पण माझ्या बँकेच्या डोक्यात नको तेच आले. चाच्यांनी नौका समुद्रात सोडली आणि माणसे नेली. म्हणजे तारण सोडले आणि जामीनदार धरला! वसुलीचे हे तत्त्व त्यांना कोणी शिकवले असेल?

हे वाचत असतानाच साहेबांची बेल वाजली. फील्ड ऑफिसर रजेवर होते, तेव्हा तलावावरच्या एका कर्जाची तपासणी मी करून यावी, असा हुकूम झाला.

आमच्याकडे तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले, पण ‘माजी’ हे विशेषण निवृत्त शिक्षकासारखे अजून चिकटून आहे. पाणी धानाला आणि मासे मच्छीमार सहकारी संस्थेला, अशी साधारण वाटणी. त्या संस्थेचे एक ढिवर सभासद, ज्यांना अख्खे गाव मामा म्हणते, त्यांनी आमच्याकडून डोंगा आणि जाळी यांसाठी कर्ज घेतले होते. हे कर्ज नजरगहाण असते. म्हणजे वस्तू कर्जदाराकडे आणि बँकेची तिच्यावर फक्त नजर.

मी पाळीवर जाऊन नजर टाकली. तलाव होता, कमळे होती, मामा होते. डोंगा नव्हता.

“मामा, डोंगा कुठे?”

“बुडवला जी.”

“बुडाला?”

“बुडाला नाही, बुडवला. तुमच्या पायापासून चार हातावर हाये. गोटे भरून खाली बसवला. वर ठेवला तं कोनीबी नेईन. आन् पान्यात लाकूडबी फाटत नाही.”

मी थक्क झालो. तिकडचे लोक होडी वर उचलतात, साखळ्या आणि कुलपे विकत घेतात. आणि इथे चार गोट्यांत काम! स्लोकम असता तर त्याने मामांचे पाय धरले असते. मी मात्र फॉर्म काढला. ‘तारणाची सद्यःस्थिती’ या रकान्यात जे होते तेच प्रामाणिकपणे लिहिले : पाण्याखाली.

आठवड्याने वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आले. ‘तारण बुडाल्याचे आपल्या अहवालावरून दिसते. सबब सदर कर्ज एकरकमी परत का मागवू नये, याचा खुलासा करावा.’ बँकेत बुडीत म्हणजे एकच बुडीत. पाण्याने बुडालेले वेगळे, हे त्यांना कोण सांगणार? मी हसलो. मामा हसले नाहीत. पावसाळ्यानंतर नवी जाळी घ्यायची होती, आणि जाळ्याशिवाय डोंगा म्हणजे नुसते कोरलेले झाड. ते एवढेच म्हणाले, “साहेब, तुमी लिवलं, तुमीच पुसा.”

पुसायचे तर डोंगा पाण्यावर आणि जाळी हातात, असा फोटो हवा होता. जाळी सांजेला लावतात, पहाटे काढतात. मधल्या वेळात मामा पाण्यावर राखण करतात, कारण त्याआधीच्या आठवड्यात त्यांची दोन जाळी माशांसकट गेली होती. शेवटची बस निघून गेली होती. मी डोंग्यात बसलो.

बसलो हा शब्द बरोबर नाही. एका झाडाच्या खोडात मला ठेवण्यात आले. मी श्वास घेतला की डोंगा डावीकडे जाई, सोडला की उजवीकडे. तेव्हा मी श्वासच कमी केला. अंधार असा की मामांचा फक्त खोकला दिसत होता.

रात्री दोनच्या सुमाराला ‘चुबुक, चुबुक’ असा आवाज आला. वल्ह्याचा. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एकदम मोठ्याने म्हणाले, “तुमी तिघं तिकडून जा रे! आमी इकडून येतो!” तिघे कोण? कोणीच नाही. दोरीने हलणारा तो लाकडी खलाशी तलावात अवतरला होता! मग माझ्या कानाशी : “तुमीबी बोला साहेब. दुसरा आवाज पायजे.”

माझा घसा सुकला होता. अशा वेळी शूर माणसाच्या तोंडून देवाचे नाव निघते. माझ्या तोंडून अठरा वर्षांच्या नोकरीतले निघाले.

“टोकन नंबर सत्तेचाळीस!”

तलाव गप्प झाला. मला धीर आला. “सत्तेचाळीस कोण आहे? पासबुक घेऊन खिडकीशी या!”

चुबुकचुबुक इतक्या वेगाने लांब गेले की लाट आमच्यापर्यंत आली. मामा हसू लागले आणि त्यांच्या हसण्याने डोंगा उलटायची वेळ आली. चोराहून मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

पहाटे जाळी वर काढली. एक अर्धे कापून नेलेले होते. मामा हसायचे थांबले. कापलेली कड ते बोटांतून सरकवत राहिले. तलावावर आलेल्या नातवाने माझ्या फोनवर पाळीवरून फोटो काढला.

“तक्रार करू या,” मी म्हणालो. “चोरीचे कलम पूर्वी ३७९ होते, १ जुलै २०२४ पासून ३०३ झाले आहे.” बी. कॉम. माणसाला आकडे पाठ असतात.

“कोन होता ते ओरखलं मी. तो खोकलला नाही का एकदा?”

“मग?”

“तलाव एकच हाये साहेब. संस्थाबी एकच.” आणि ते डोंग्यात गोटे भरू लागले.

त्याच दिवशी बाराच्या सुमाराला मी खिडकीवर पेंगत होतो. पन्नाशीचा एक माणूस थकीत हप्ता भरायला आला. हातात आमचीच नोटीस, चार घड्या घातलेली. तिच्यावर सही साहेबांची, पण टाईप केलेली मीच. सात दिवसांत भरणा न केल्यास वगैरे. जाळ्यासाठीचेच कर्ज. “किती भरायचे?” मी विचारले, आणि माझा आवाज ऐकताच तो दचकून वर पाहू लागला. मग खोकला.

खोकला काय, कोणालाही येतो. मी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन नोटा ओलसर होत्या. सातव्या दिवसाचा मुक्काम त्या दिवशीच संपत होता, हे मला नोटिशीवर दिसत होते. तारीखही मीच टाईप केली होती. मी शिक्का मारला आणि पावती दिली. तो गेल्यावर त्या दोन नोटा पंख्याखाली वाळत ठेवल्या. मामांना यातले काही सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

पंधरा दिवसांनी वरिष्ठ कार्यालयाचे उत्तर आले. मामांचे कर्ज चालू ठेवण्यास आणि नव्या जाळ्यांसाठी रक्कम देण्यास हरकत नाही. ‘तथापि सोबतच्या फोटोत तारणाच्या दोन्ही कडा घट्ट धरून डोळे मिटून बसलेला एक इसम दिसतो. सदर इसम कोण व त्याचा तारणाशी काय संबंध, याचा खुलासा उलट टपाली करावा.’