आधी बाहेर पडायची वाट

वाचनालयात नवं यंत्र घ्यायचा विषय निघाला की पहिला हात माझा वर जायचा. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित वाचनालयाची मी ग्रंथपाल. मागे पडायचं नसेल तर नवी वस्तू इतरांच्या आधी आपल्याकडे यायला हवी, असं माझं पक्कं मत होतं. त्यावरून मी कार्यकारी मंडळातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घातले आहेत. रंगनाथनांची 1931 सालची पाच सूत्रं त्यांना ऐकवली आहेत, त्यातलं वाढीबद्दलचं पाचवं जरा जास्तच वेळा. आता तसा प्रस्ताव आला की मी आधी कागद मागते. बाई थकल्या, असं मंडळात बोललं जातं. थकलेली नाही, मत बदललं आहे.

जुन्या मताला कारणं होती. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने आपल्याकडे गावोगावच्या संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान दिलं. पण कर्नाटक किंवा तमिळनाडूसारखा ग्रंथालय कर काही लावला नाही. त्यामुळे आमचा सगळा संसार अनुदानाचा हप्ता, सभासदांची वर्गणी आणि कुणाची तरी देणगी यांवर चालतो. त्यात दिवाळी अंकांचा हंगाम सोडला तर देवघेवीच्या टेबलाशी शुकशुकाट. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका मात्र स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली, आणि ती मुलं पुस्तकं स्वतःची आणणार, आमच्याकडून फक्त पंखा आणि प्लग घेणार. अशा वेळी टेबलावर संगणक असणं म्हणजे संस्था जिवंत असल्याचा पुरावा वाटायचा. तपासणीला येणारे साहेबही संगणकीकरण कुठवर आलं, हे विचारायचेच.

संगणकीकरण आम्ही आसपासच्या वाचनालयांच्या बरंच आधी केलं. एका स्थानिक विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं, दोन मुली बसवल्या आणि दाखलनोंदवहीतली सगळी पुस्तकं आत घातली. पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची तेव्हा सभासद बघायला यायचे. ती अक्षरं आतून मराठी नव्हतीच, हे कळायला बराच काळ गेला.

हा प्रकार जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत इथेच फिरलं. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती, पण गावातल्या संगणकापर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षं लागली. मधल्या काळात प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा. त्यातल्या बऱ्याच फाँटांत आत साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांना मराठी वळणाचं रूप द्यायचं काम फाँटचं. फाँट आहे तोवर ‘पु. ल. देशपांडे’, फाँट गेला की कंस, टक्के आणि डॉलरची रांगोळी. आमच्या विक्रेत्याने धंदा गुंडाळला. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. मग केवळ त्या नोंदी वाचता याव्यात म्हणून आम्ही एक जुना संगणक जपत राहिलो. त्याला इंटरनेट लावायचं नाही, हलवायचं नाही, पावसाळ्यात त्याच्यावर प्लास्टिक टाकायचं.

फाँट बदलून देणारी साधनं मिळतात. आम्हीही ती वापरली. रफार पुढच्या अक्षरावर गेले, जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजाऱ्याकडे राहायला गेली. ते हाताने दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट कळली, ती म्हणजे युनिकोड झालं तरी सुटका नाही. आचार्य अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ शोधलं तर काही खंड सापडायचे, काही नाही. सगळे खंड कपाटात शेजारी शेजारी उभे. कारण ‘ऱ्हे’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲ’चीही तीच कथा. त्याला स्वतंत्र जागा मिळाली 2008 साली. त्याआधी टाइप केलेला ‘ॲटलस’ अ वर चंद्र ठेवून केलेला, नंतरचा एकसंध. एक शोधला की दुसरा लपतो. सभासदाला सांगितलं जातं, पुस्तक नाही. तो निघून जातो. आपण त्याला नाही म्हटलं याची नोंद कुठेच होत नाही.

हे ऐकून आमचे जुने लिपिक, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, खूश झाले. त्यांनी हाताने लिहिलेल्या दाखलनोंदवह्या आजही उघडल्या की वाचता येतात. पण काकांच्या वहीत एका लेखकाची सगळी पुस्तकं शोधायला बसलं तर सकाळची दुपार होते. विषयावरून शोधायचं तर काकांनाच विचारायचं, आणि काका दुपारी जेवायला घरी जातात. वहीकडे परत जावं असं मला कधीच वाटलं नाही. तिच्यात एक गुण होता तेवढा हवा होता, ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. इतकं आयुष्य असणाऱ्या संस्थेत संगणक पाच-सात वर्षं टिकणार, सॉफ्टवेअर फार तर दहा-पंधरा. मागे राहते ती नोंद. आणि आम्ही सगळे पैसे, सगळा उत्साह, उद्घाटनाचे सगळे नारळ यंत्रावर खर्च करत होतो.

नोंद कशी टिकते, हे सांगणाऱ्या दोन गोष्टी मला तेव्हा आठवल्या. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम या बाईंनी 1960 च्या दशकात पुस्तकाची नोंद संगणकाला कळेल अशा साच्यात बसवली. लेखकाचा रकाना कोणता, शीर्षकाचा कोणता, हे आकड्यांनी ठरवलं. त्याला मार्क म्हणतात. ज्या संगणकांसाठी तो साचा बनला ते केव्हाच भंगारात गेले; साचा, पुढे सुधारणा होत का होईना, आजही जगभर चालतो. हे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेसाठी मी पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला त्याबद्दल विचारावं असं तेव्हा सुचलं नाही, कारण समोर रंगीत पडदा होता.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआची. तिथल्या ट्रस्टची वाचनालयं लहान गावांतली. 1999 साली त्यांचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती. विकत मिळणाऱ्या मोठ्या प्रणाली त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरतं सॉफ्टवेअर लिहून घेतलं आणि त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला. तेच कोहा, जे आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत चालतं. मला यात ते फुकट मिळतं याचं अप्रूप नाही. सर्व्हरला, शिकवणाऱ्याला, बिघडल्यावर येणाऱ्याला पैसे लागतातच. पण ज्याने बसवलं तो उद्या गाव सोडून गेला तरी दुसरा कुणी ते उघडू शकतो, हे मोठं आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवलेलं ई-ग्रंथालयही आहे. दोन्हींपैकी काय घ्यावं यावर मी भांडणार नाही.

भांडते ती एका अटीसाठी. पैसे देण्याआधी विक्रेत्याने आमच्या थोड्या नोंदी आत घालायच्या आणि त्याच बैठकीत मार्कमध्ये, युनिकोडसह, बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर दाखवायच्या. आत घालायचं प्रात्यक्षिक सगळे हसत करतात. बाहेर काढायचं म्हटलं की चहा मागवला जातो. एक तरुण विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, हे आजवर कुणी विचारलंच नाही.”

या अटीमुळे बऱ्याच गोष्टी आपोआप गळाल्या. काही गरजच नव्हती म्हणून गळाल्या. पुस्तकात चकती बसवून आपोआप देवघेव करणारी आरएफआयडी यंत्रणा मोठ्या शहरात, जिथे रांग लागते तिथे योग्यच. आमच्याकडे रांग म्हणजे तीन माणसं, आणि त्यातली दोन गप्पा मारायला आलेली.

तंत्रज्ञानाने सगळ्यांत मोठा बदल ज्यांच्या आयुष्यात घडवला, ते आमचे सभासद म्हणजे एक निवृत्त गुरुजी. मधुमेहाने दृष्टी गेली. त्यांच्यासाठी आम्ही एकही यंत्र विकत घेतलं नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायची मोकळीक मिळाली; पुढे माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारतच होता. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय हा ऑनलाइन संग्रह आहे. गुरुजींची नोंदणी करून दिली, नातवाने फोनवरचं वाचून दाखवणारं साधन सुरू करून दिलं. आता गुरुजी पुस्तकं ऐकतात आणि यंत्राचे उच्चार सुधारतात, मोठ्याने.

त्यांनी एकदा आमच्याच वाचनालयाची जुनी स्मरणिका मागितली. पीडीएफ होतीच. फोन बोलू लागला तो ‘ए, एस्, टक्के, कंस’ असा. तोच जुना फाँट. डोळसांसाठी सुंदर दिसणारा तो मजकूर गुरुजींसाठी मजकूरच नव्हता. मंडळातल्या ज्यांना मार्क आणि युनिकोड ही माझी खुळं वाटत होती, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही, गुरुजींनी फोन सभेत लावला.

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला मात्र माझं नवं मत पटलेलं नाही. ती म्हणते, “ताई, प्रत्येक गोष्टीचं दार आधी तपासत बसलात तर आपण आत कधी जाणार?” तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तिने वाचनालयाचा व्हॉट्सॲप गट सुरू केला तेव्हा मी अशीच शंका काढली होती, की यातली माहिती उद्या बाहेर कशी काढणार. तिने काढायची गरजच नाही म्हणून सांगितलं. नवी पुस्तकं आली की मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, दुसऱ्या दिवशी विसरायचं. तिचं बरोबर आहे. जे टिकायचंच नाही त्याला माझा नियम लावू नये. घरी बसलेल्या कितीतरी बायका त्या फोटोंवरून पुस्तक सांगून ठेवतात आणि मुलाला पाठवून मागवतात.

तिचा दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. नोंदी शुद्ध करायच्या कामाला देणगी कोण देणार? यंत्र आलं की फोटो निघतो, पेपरात येतो. अर्धा र दुरुस्त केला तर काय छापायचं? परवाच मुंबईला स्थायिक झालेल्या एका गावकऱ्यांनी स्पर्शपटलाचं मोठं यंत्र देऊ केलं. मी पत्र लिहिलं, की त्याच रकमेत दोन मुली वर्षभर बसवून सगळ्या नोंदी नीट करून घेऊ, आणि कारणं दिली. त्यांचं उत्तर आलं. कल्पना आवडली, चेक पाठवतो. फक्त आईच्या नावाची पाटी कुठे लावणार, ते कळवा. मंडळाची सभा रविवारी आहे, विषयपत्रिकेत तेवढा एकच विषय ठेवला आहे.