सेल बदलला, तरी गाडी ऐकेना



पूर्वी चावी म्हणजे लोखंडाचा तुकडा. ती मोडायची, नाहीतर हरवायची; तिसरे दुखणे तिला ठाऊक नव्हते. आता आपल्या दारातल्या मोटारींच्या चावीला बटणे आली आणि बटणांच्या पोटात सेल आला. सेल आला म्हणजे तो कधीतरी संपणार, आपण तो घरीच बदलणार, आणि त्यानंतरही गाडी गप्प राहिली की घरात एकमेकांवर आवाज चढणार. मी शेतकीचा पदवीधर, मेकॅनिक नव्हे. पण विस्तार अधिकारी बांधावर आला की फवारणी पंपाच्या वॉशरपासून मोबाइलपर्यंत सगळे त्यालाच विचारायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती आवडते.

गेल्या पावसाळ्यात विंझरला युरिया-डीएपीच्या गोळ्या भातात कशा खोचायच्या ते दाखवायला गेलो होतो. काम आटोपून एका घरी चहाला टेकलो, तर अंगणात मोटार उभी आणि तिच्याभोवती सगळे घर उभे. सुनेला आठवा महिना, तिला तपासणीसाठी नसरापूरला न्यायचे होते, आणि दार उघडत नव्हते.

"साहेब, कालच नवा सेल आणून टाकला," घरातले तात्या म्हणाले. "तरी उघडंना. आता पुण्याला जाऊन चावीच नवी करायची म्हणत्यात. काही हजारांना खड्डा."

मी विचारले, "गाडीबरोबर दुसरी चावी आली असेल ना?"

ती कपाटात, दागिन्यांच्या डब्यात निघाली. तिच्या बटणाने दार उघडले, गाडी सुरू झाली, सूनबाई सासूबरोबर नसरापूरच्या रस्त्याला लागल्या.

इथे थोडे थांबा. भात पिवळे पडले की मी पहिला प्रश्न करतो, सगळी खाचरे पिवळी की एकच? सगळीकडे असेल तर एक कारण, एकाच खाचरात असेल तर दुसरे. दुसरी चावी तेच काम करते. ती चालली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालल्या नाहीत तर गाडीकडे पाहा, बहुधा गाडीची बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे हे नेहमीचेच. आतला दिवा मिणमिणतो का, हॉर्न घोगरा वाजतो का, ते बघा.

दुसरी चावी नसली तरी अडून बसायला नको. बहुतेक रिमोट चाव्यांत धातूचे पाते असतेच, काहींत खटका दाबला की आतून निघते. दाराच्या मुठीवर चावीचे भोक दिसले नाही तर ते झाकणाखाली लपलेले असू शकते. पात्याने दार उघडल्यावर काही गाड्या भोंगा वाजवतात. घाबरू नका, गाडी चालू केली की तो थांबतो. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर चावी त्या बटणाला टेकवून धरा. काही गाड्यांत त्यासाठी दुसरी जागा दिलेली असते. सेल मेलेला असतानाही गाडीने चावी ओळखावी म्हणून ही सोय केलेली आहे. चावीच्या आत एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही, गाडीच तिला जवळून वीज पुरवते. म्हणून चावी उघडाल ती परातीत उघडा. पुष्कळ चाव्यांत ही चिप सुटी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते. ती अंगणात पडली तर बटणाने दार उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही.

गाडी गेल्यावर मी आणि तात्यांचा धाकटा मुलगा रुसलेली चावी घेऊन बसलो. नव्या सेलवर आकडा होता २०२५, आणि चावीच्या झाकणाच्या आत छापले होते २०३२. दुकानदाराने "चालतोय" म्हणून दिला होता. या आकड्यांत गूढ काही नाही. पहिले दोन आकडे रुंदीचे, २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडीचे, ३.२ किंवा २.५ मिलिमीटर. दोन्ही सेल तीन व्होल्टचेच, पण पातळ सेल खोबणीत सैल बसतो, पत्र्याच्या जिभेला कधी टेकतो, कधी नाही. ०.७ मिलिमीटरची ही तूट, आणि त्यापायी तात्या पुण्याला निघाले होते!

आकडा बरोबर असूनही चावी चालली नाही, तर सेल उलटा बसलाय का ते पाहा. अधिकचे चिन्ह सेलवर असते आणि बहुधा खोबणीतही. जुना काढण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवणे बरे. मग पत्र्याच्या जिभा पाहा. चावी भिजल्या कपड्यांत दिवसभर राहिली असेल तर तिथे हिरवट बुरशीसारखे दिसते. कापसाला स्पिरिट लावून पुसा, पूर्ण वाळू द्या. दबलेली जीभ काडीने हलकेच उचला. सेल सांडशीत किंवा पक्कडीत धरू नका, दोन्ही बाजू धातूने जोडल्या गेल्या की नवा सेल तिथेच उतरतो. काही सेलवर मुलांनी तोंडात घालताच थुंकावे म्हणून कडू लेप दिलेला असतो, तो लेपही कधी कधी वीज अडवतो. तोही स्पिरिटनेच निघतो.

एक चुकीची परीक्षा गावोगाव चालते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दाबला की दिवा चमकताना दिसतो, म्हणून लोक गाडीची चावीही तशीच तपासतात आणि ती मेली म्हणून सांगतात. टीव्हीचा रिमोट न दिसणारा प्रकाश सोडतो, गाडीची चावी रेडिओ लहरी सोडते. कॅमेऱ्यात तिचे काही दिसणारच नाही.

आणखी एक कारण उरते. चोराने लहर पकडून पुन्हा वापरू नये म्हणून चावी दरवेळी नवा आकडा पाठवते, आणि गाडी त्या क्रमात पुढचा आकडा ओळखते. गाडी जवळ नसताना मुलांनी बटणे फार दाबली, की दोघींची गणती चुकू शकते. काही गाड्यांत चावी फिरवून बटण दाबले की ती जुळते, काहींना कंपनीचे यंत्र लावावे लागते. सगळ्या गाड्यांना एकच युक्ती लागू पडते असे कोणी छातीठोक सांगितले तर विश्वास ठेवू नका, गाडीबरोबर आलेले पुस्तक काढा.

तात्यांच्या मुलाने जाऊन २०३२ आणला, चावी बोलू लागली. मी सहज विचारले, "जुना सेल कुठे टाकलात?"

"असंल कुठंतरी. काल नात खेळत व्हती त्याच्याशी."

नात अडीच वर्षांची. घर निवांत होते. माझा जीव मात्र वरखाली झाला. आम्ही ओसरी, माजघर, भाताच्या कणग्यांमागे सगळे शोधले. शेवटी तो तिच्या भातुकलीत, पितळी तव्यावर भाकरी म्हणून ठेवलेला सापडला.

मंडळी, याला संपलेला सेल म्हणायचे ते गाडीपुरते. त्यात उरलेली वीज लहान मुलाची अन्ननलिका जाळायला पुरते. २० मिलिमीटरचा हा चपटा सेल बाळाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो, थुंकीत वीज खेळू लागते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो, आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. वरून काहीच दिसत नाही. मूल लाळ गाळते, जेवत नाही, खोकते; घरचे म्हणतात दात येत असतील. म्हणून नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, काही खाऊ घालू नका. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन मिळेल ते घेऊन, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असेल अशा दवाखान्यात तडक न्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात मधाने ही जळजळ कमी होते असे दिसले. त्यावरून तिथले डॉक्टर, सेल गिळून बारा तास झाले नसतील आणि मुलाला गिळता येत असेल तर, वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध, सहा वेळांपर्यंत, द्यायला सांगतात. पण तो एक वर्षावरच्या मुलालाच. त्याखालच्या बाळाला मध नाही. आणि घरात मध नसेल तर तो शोधण्यात एक क्षणही घालवू नका.

तात्यांच्या घरी त्या दिवशी आम्ही जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, रिकामी औषधाची बाटली घेतली, त्यात तो टाकून झाकण घट्ट केले आणि बाटली फळीवर वर ठेवली. न चाललेला २०२५ पाकिटासकट तिच्याशेजारी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे असे सेल घरच्या कचऱ्यात मिसळायचे नसतात आणि वापरलेल्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुण्याला ई-कचरा गोळा करणाऱ्या ठिकाणी कोणी जाणारा भेटला की बाटली त्याच्याबरोबर द्यायची, असे ठरले. उकिरड्यात तर टाकूच नका. तो उकिरडा उद्या तुमच्याच खाचरात पसरतो.