सहा छर्रे

भोसरीहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन वर्षे काम केले. गॅरेजच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. बारावीनंतर शिक्षण सुटले होते, कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून शिरण्यासाठीही कुणाची तरी ओळख लागे आणि आमची कुणाशी ओळख नव्हती. अण्णांनी फक्त एवढेच विचारले, "रॉकेलचा वास चालतो का?"

पहिले वर्षभर मी पार्ट धुतले. डिझेलने भरलेल्या पत्र्याच्या तसराळ्यात हात बुडवून बसलेला मुलगा अशीच माझी ओळख होती. पण धुता धुता वस्तू कळतात. इंजिनाची फिरकी पुढच्या चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाला जो सांधा असतो, तो मला तिथेच पहिल्यांदा दिसला. गॅरेजात त्याला नुसते 'जॉइंट' म्हणतात. बाहेर एक वाटी, आत एक खाचांचा गाभा, दोहोंच्या मध्ये खिडक्या असलेला पिंजरा आणि त्या खिडक्यांत सहा पोलादी छर्रे. पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. त्याने गाडी ओढायची असते आणि वळायचेही असते. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा जुना सांधा वाकलेल्या स्थितीत फिरवला, तर एका फेऱ्यात दोनदा त्याची गती वाढते आणि दोनदा मंदावते. अँबॅसडरसारख्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या लांब दांड्याला ते चालून जाते, कारण तिथे कोन लहान असतो. पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर मात्र असा सांधा स्टिअरिंगला हिसके देईल. सहा छर्रे नेहमी कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतील अशी रचना आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात केली आणि गती एकसारखी राहू लागली. हे सारे मी पुढे वाचले. तेव्हा एवढेच ठाऊक होते की वाटी, पिंजरा आणि गाभा यांच्यावर खूण केल्याशिवाय ते सुटे करायचे नाहीत. खडूची खूण डिझेलमध्ये पुसली जाते, म्हणून अण्णांनी घरून नेलपॉलिशची बाटली आणून ठेवली होती.

तो दिवस तुकोबांच्या पालखीच्या आकुर्डी मुक्कामाचा होता. अण्णा दरवर्षी दर्शनाला जात. निघताना म्हणाले, "काकांची इंडिका आहे. डाव्या बाजूचा बूट फाटलाय. जॉइंट बघ, खड्डे पडले नसतील तर धुऊन ग्रीस भर. नऊला गाडी दे, त्यांना थर्ड शिफ्टची पोरं घेऊन चाकणला जायचंय."

काका म्हणजे गाडीचे मालक आणि चालक, दोन्ही. १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आलेली इंडिका आमच्या पिंपरीतच तयार होई. काकांची गाडी तिसऱ्या हाताची होती आणि तिच्या हप्त्यावर त्यांचे घर चाले, म्हणजे हप्ता गेल्यावर जे उरे त्यावर.

मी चाक उतरवले, दांडा बाहेर काढला. सांध्यावरचे रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटून ग्रीस रिमवर फेकले गेले होते. आत पाणी आणि धूळ. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ पॉलिश कागदासारखी पोलाद खात जाते. सुदैवाने खाचा गुळगुळीत होत्या. खुणा केल्या, पिंजरा तिरका करून एकेक छर्रा काढला आणि ज्या खिडकीतला त्या क्रमाने कापडावर ओळीत मांडला.

सुटे करणे सोपे असते. पुढे मुक्त विद्यापीठाच्या पुस्तिकेत संधी आणि विग्रह शिकताना मला हा सांधा आठवे. सूर्योदयाची फोड कुणीही करतो. 'सूर्य' आणि 'उदय' जोडताना मात्र मधला ओकार आपोआप येत नाही, नियम ठाऊक असावा लागतो. इथला नियम असा: गाभा आडवा धरून पिंजऱ्यात घालायचा आणि सरळ करायचा. ती जोडी वाटीला काटकोनात उभी धरून, पिंजऱ्याच्या लांब खिडक्या वाटीच्या उंचवट्यांसमोर आणून आत सरकवायची आणि मग वळवायची. जोर लावावा लागला तर समजावे की काहीतरी उलटे आहे. त्यानंतर पिंजरा एका बाजूला कलवला की समोरची खिडकी वर येते, तिच्यात छर्रा बसतो. मग उलट दिशेला कलवायचे. पाच छर्रे शहाण्यासारखे बसले. सहाव्यासाठी लाकडाचा तुकडा ठेवून पिंजरा हलकेच ठोकावा लागला. टक् असा आवाज झाला आणि सांधा हातात सगळ्या दिशांनी फिरू लागला. काळे, मॉलिब्डेनमचे ग्रीस बोटाने खाचांत दाबले, दांड्यावर नवे लॉक चढवले, सांधा ठोकून बसवला. लॉक बसल्याचा आवाज आला. पावणेआठ झाले होते. मी स्वतःवर खूश होतो.

मग बाकावर नवा बूट दिसला.

बूट दांड्यावर आधी चढवायचा असतो. सांधा बसल्यावर त्याचे अरुंद तोंड त्या वाटीवरून जात नाही. हे मला शंभर वेळा सांगितले गेले होते. आता सांधा पुन्हा ठोकून काढायचा म्हणजे लॉक वाकणार, आणि पाकिटात लॉक एकच होते. दुसरा मार्ग ब्लेडचा होता. बूट उभा कापायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा, सोल्यूशनने चिकटवायचा, वरून पट्ट्या आवळायच्या. काकांना कळले नसते. अण्णांनाही कदाचित नाही. मी ब्लेड घेतले.

किती रुंद कापावे हे पाहायला जुना बूट उचलला. तो फाटला नव्हता. वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत उकलला होता आणि दोन्ही कडांवर सोल्यूशनचे पिवळट पापुद्रे होते.

व्हाइसमध्ये दांडा धरून मी सांधा काढला. लॉक वाकलेच. सायकलने भोसरीच्या बाजारात गेलो, तिसऱ्या दुकानात लॉक मिळाले. परतलो तेव्हा काका टायरवर बसून होते. साडेनऊला त्यांनी फोन करून ती फेरी दुसऱ्या गाडीला दिली. मला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आजचं गेलं."

हात चालवत मी विचारले, "काका, हा बूट आधी कुठं बदलला होता?"

"इथंच की. दिवाळीच्या आधी."

त्या दिवाळीला मी या गॅरेजात नव्हतो. इथे दुसरा मुलगा होता, आणि अण्णा होते.

बूट, पट्ट्या, उरलेले ग्रीस, आतली हवा काढण्यासाठी ओठाखाली स्क्रूड्रायव्हर, चाक, नट. सव्वादहाला आवारात गाडी पूर्ण वळवून डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन फेऱ्या मारल्या, काचा खाली करून. कटकट नव्हती. काका पैसे उद्या अण्णांना देतो म्हणून गेले.

सकाळी मी अण्णांना सगळे सांगितले, ब्लेडसकट. जुना बूट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कडेवरचा पापुद्रा नखाने काढला. कुणी केले ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही. वहीत काकांच्या नावापुढे मजुरीचा आकडा आधीच लिहून ठेवला होता. तो त्यांनी खोडला आणि बूट भंगाराच्या डब्यात न टाकता बाकावरच्या खिळ्याला अडकवला. मी ते गॅरेज सोडले तेव्हाही तो तिथेच होता.