मुकाम कोट्टपट्टु

८ जून, तिरुवैयारु
कावेरीचं पात्र कोरडं ठणठणीत. पुष्यमंडपाच्या पायऱ्यांखाली पोरं क्रिकेट खेळतात. मेट्टूर धरण १२ तारखेला उघडणार म्हणे. सकाळी गाण्याचा पाठ. गमक अजून पुण्याहूनच येतंय, असं गाणं शिकवणाऱ्या अम्मा म्हणाल्या. दुपारी तंजावरवरून त्रिची, कोट्टपट्टुची निर्वासित छावणी. रविवारची शिकवणी.

छावणीला तमिळमध्ये 'मुकाम' म्हणतात. आपल्या मुक्कामाचा सख्खा भाऊ. आपला मुक्काम रात्रभराचा. १९८३ पासून श्रीलंकेतून आलेल्यांचा चाळीस वर्षं हललेला नाही. निर्वासिताला शब्द 'अगदि'. मराठी कानाला आधी गंमत वाटते, नंतर नाही. २०२१ मध्ये सरकारने 'अगदि' काढून 'मरुवाळ्वु', म्हणजे पुनर्वसन, असं नाव दिलं.

११ जून, तिरुवैयारु
तंजावरच्या सरफोजीराजांचं १८०१ चं पत्र पुन्हा वाचलं. इंग्रज रेसिडेंटला छत्रांचं, म्हणजे धर्मशाळांचं, काम समजावताहेत. छत्रात उतरलेल्या परक्या वाटसरूंची पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली करायची. तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा अंगाला तेल, कपडे, औषधपाणी. ज्याला जी विद्या आवडेल ती शिकवायची, आणि शिकून झालं की लग्नाचा खर्चही छत्राचा. तेलाचा दिवससुद्धा राजाला ठाऊक! मूल कुठल्या मुलखाचं, हा प्रश्न मात्र पत्रात नाही. (पत्र छत्रांचं उत्पन्न वाचवण्यासाठीच लिहिलेलं, हेही खरं.)

इथल्या अरसर कॉलेजवरून रोज जाते. १८८१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून निघालेलं, छत्राच्याच पैशावर.

१५ जून, कोट्टपट्टु
बारावीतली एक मुलगी, कॉमर्सची. सरकारी शाळा, पुस्तकं फुकट, वर्गात कुणी अडवत नाही. ती 'बोलणे'ला 'कदैक्क' म्हणते, जाफनाकडचा शब्द; वर्गातल्या मुली हसतात, कारण इथे 'कदै' म्हणजे गोष्ट. तिने स्वतः जाफना पाहिलेलं नाही. जन्म त्रिचीचा.

आज स्पर्धा परीक्षेचा जुना अर्ज घेऊन आली, भरायचा सराव म्हणून. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ: तिरुचिरापल्ली. अक्षर मोत्यासारखं. पुढचा रकाना राष्ट्रीयत्वाचा. पेन थांबलं.

"टीचर, इथे खरं लिहायचं की बरोबर?"

मला उत्तर आलं नाही. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्मानेच भारतीय. त्या आधारावर मंडपम छावणीत १९८६ साली जन्मलेली याच कोट्टपट्टुची एक बाई कोर्टात गेली, पासपोर्ट मिळवला आणि २०२४ ला मतदान केलं. या मुलीचा जन्म २००८ चा. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीतही श्रीलंकेचं नाव नाही.

तिने रकाना कोरा ठेवला आणि ताळेबंदाचं गणित काढलं. दोन्ही बाजू जुळेनात. घसारा मालमत्तेतून वजा करायचा राहिला होता.

१८ जून
पाणी आलं. आधी मातकट फेस, मग पान-पाचोळा, मग नदी. क्रिकेटचे स्टंप कुणीतरी धावत जाऊन काढून आणले. रविवारी तिचा भागीदारीचा धडा घ्यायचा आहे. मलाच आधी वाचायला हवा.