पाटण, लालबाग, हिंजवडी

पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावात बाईच्या तंबाखूला कुणी नावं ठेवत नसे. धारा काढून झाल्या, भाकऱ्या थापून झाल्या की आळीतल्या बायका मिशरीच्या डब्या घेऊन आमच्या सोप्यात टेकायच्या. मिशरी घरीच व्हायची. तंबाखू खापरावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची. त्या वेळी असा खाट उठायचा की आम्ही पोरं ठसकत अंगणात पळायचो. मग ती चुरून, फडक्यातून चाळून पत्र्याच्या डबीत भरायची. आजी पहिल्या बोटावर चिमूट घेई आणि हिरड्यांवरून सावकाश फिरवत बसे. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारायचं नाही, अगदी तिची सासूसुद्धा नाही. ‘मिशरी लावतीया’ म्हटलं की पुढचं काम थांबायचं. दिवसभरात तिच्या हक्काची बैठक तेवढीच.

विडीही बायकांना अगदी वर्ज्य नव्हती. भांगलायला जाणाऱ्या एकदोन म्हाताऱ्या बांधावर बसून बिनघोर झुरके घ्यायच्या, शेजारच्या शेतातला गडी त्यांच्याकडेच काडेपेटी मागायचा. पण ती मुभा वयाची होती. नातवंडं झाली, केस पिकले की कुणी काही बोलत नसे. तरण्या सुनेनं तेच केलं असतं तर सोयरीक मोडण्यापर्यंत गोष्ट गेली असती.

आजोबा गिरणीत लागले आणि काही वर्षांनी आजीनं लालबागला चाळीत बिऱ्हाड मांडलं. गिरणगावात तेव्हा घाटावरचे नि कोकणातले लोक दाटीवाटीनं राहायचे. तिथं धूर दिसायचा तो पुरुषांच्या हातात, पाळी सुटल्यावर, नाक्यावर. बाईच्या हातात सिगारेट दिसायची ती सिनेमाच्या पडद्यावर, क्लबात नाचणाऱ्या बाईच्या. गावी म्हातारपणाची मुभा असलेली विडी इथं चारित्र्याची गोष्ट झाली. बांधावरच्या त्या म्हाताऱ्यांची आठवण निघाली की चाळीतल्या बायका आवाज खाली आणायच्या. गावात झुरका घेणारी आजीची चुलतसासू दवाखान्यासाठी मुंबईला आली, तेव्हा तिला विडी ओढायला संडासाकडच्या बोळात जावं लागलं. ‘हितं काय चोरी केलीया व्हय मी?’ असं ती विचारायची.

मिशरी मात्र बिऱ्हाडाबरोबर आली आणि टिकली. तिला धूर नव्हता, ती मोरीत उरकायची, ती पुरुषांच्या नजरेत येत नव्हती. गावाहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत हुलगे असत, नाचणीचं पीठ असे आणि खाली कागदाच्या पुडीत तंबाखू. आजीच्या मजल्यावर गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या दोघीतिघी खानावळवाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला. दुपारची गर्दी ओसरली की या बायका गॅलरीत भिंतीला पाठ लावून बसत आणि डबी एकीकडून दुसरीकडे जाई. पहाटे चारपासून चुलीपुढे उभ्या राहिलेल्या त्या पायांना तेव्हाच आराम मिळायचा. त्या गॅलरीची मला आजही ओढ वाटते. भाड्याची कटकट, नवऱ्याची दारू, मुलीचं स्थळ, सगळं तिथं बोललं जाई.

तिथं काय चाललं होतं याचा आकडा पुढे मिळाला. नव्वदीच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पुढाकारानं मुंबईत 35 वर्षांवरच्या 99,598 माणसांची पाहणी झाली. त्यात निम्म्याहून जास्त, 57.5 टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, आणि धूर ओढणाऱ्या होत्या हजारात चार. शहरानं बाईला तंबाखू सोडायला लावली नव्हती, फक्त दिसेल अशी ओढू दिली नव्हती. 2004 मध्ये मुंबईतल्याच 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी निघाली. ‘हिच्या घरात लेकरं बारकीच होतात’ असं आमच्याकडे सहज म्हटलं जाई, आणि ते घराण्यावर जाई. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून या चाळींच्या शेजारी उभं आहे. हिरडीवरचा पांढरा चट्टा दाखवायला मात्र त्या बायका तिथं जायच्या तेव्हा फार उशीर झालेला असायचा. मला याचा अजून राग येतो. सोप्यातला तो निवांतपणा आठवून जीव हळवा होतो, आणि त्याच बायकांपैकी कुणाकुणाचा जबडा कापावा लागला हेही त्याच क्षणी आठवतं.

1982 च्या गिरणी संपानंतर आमचं कुटुंब लालबागहून डोंबिवलीला गेलं. मोरीच्या जागी पांढरंशुभ्र बेसिन आलं, शेजारी कचेरीत जाणारी माणसं आली. आईनं मिशरी सोडली ती त्या बेसिनपायी. काळी थुंकी त्यात दिसायची, आणि समोरच्या बाई ‘अजून मिशरी लावता?’ असं विचारायच्या. कर्करोगाचं तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आता माझी भाची कराडहून हिंजवडीला नोकरीला आली आहे. संध्याकाळी कंपनीतल्या तिघीजणी खाली टपरीवर उतरतात. 2020 मध्ये राज्यानं सुटी सिगारेट विकायला बंदी घातली, तरी टपरीवाला एकेक काढून देतो आणि दोरीला बांधलेला लायटर पुढे करतो. घरून व्हिडिओ कॉल आला की भाचीचा हात आपोआप खाली जातो. खोलीवर परतताना ती च्युइंगम चघळते, कारण खोली देतानाच मालकीणबाईंनी बजावलेलं असतं. कराडमध्ये सिगारेट तिच्या डोक्यातही आली नव्हती. इथं आपल्याला ओळखणारं कुणी नाही, पगार आपला, संध्याकाळ आपली, यातून ती आली. ‘मावशी, ती दहा मिनिटं मला कुणी काही विचारत नाही,’ असं ती म्हणाली, आणि मला आजी समजली.

लोकांना वाटतं आजकालच्या पोरी सर्रास ओढायला लागल्या. देशव्यापी पाहणीत धूम्रपान करणाऱ्या बायकांचं प्रमाण 2009-10 मध्ये 2.9 टक्के होतं, 2016-17 मध्ये ते 2 टक्क्यांवर आलं. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मात्र तेव्हाही 12.8 टक्के होत्या. बांधावरच्या म्हाताऱ्या गेल्या आणि टपरीवरच्या मुली नजरेत भरू लागल्या. भाचीला बोल लावणारी आमची एक आत्या गावी रोज सकाळी मिशरी लावते. भाची तिला ‘अगं आत्याआज्जी, तेही तंबाखूच’ म्हणते. आत्या ऐकत नाही, आणि सिगारेटबद्दल भाचीही कुणाचं ऐकत नाही. दोघींचंही मला भय वाटतं.

भाचीला मी गेल्या महिन्यात त्या 1,217 बायकांबद्दल सांगितलं. ती गप्प ऐकत होती. तिच्या टोळीतल्या एकीनं दिवाळीनंतर सिगारेट सोडली आहे. तरी ती रोज त्यांच्यासोबत खाली उतरते, कटिंग घेते, पूर्ण दहा मिनिटं उभी राहते, आणि टीम लीडरचा फोन आला तर उचलत नाही.